थांबवायचा हक्क

आमचं घर इचलकरंजीत, मागाच्या शेडला लागून होतं. माग चालू असताना तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. ऐकू यायचं ते माग थांबणं. रात्री दोन वाजता एखादा माग बंद पडला की त्या खडखडाटात जी बारीकशी फट पडायची, तिनं वडील जागे व्हायचे. ते जॉबर होते, मागांची दुरुस्ती त्यांच्याकडे असायची. शेडमधले जुने साधे माग उभी तार तुटली तरी तसेच पुढे विणत राहत. मागवाल्याच्या लक्षात येईपर्यंत कापडात लांब रेघ उमटलेली असे. मग व्यापारी तागा उलगडून त्या रेघेवर बोट फिरवायचा आणि पैसे कापून घ्यायचा. म्हणून वडील नव्या पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "माग थांबला तर एका तारंचं नुकसान. नाही थांबला तर आख्ख्या ताग्याचं."

मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि हे वाक्य विसरून गेलो. गेल्या सहा वर्षांत जितक्या टाउनहॉल मीटिंगांना बसलो, त्यातल्या बहुतेकांत एक स्लाइड हमखास असायची. तंत्रज्ञानाच्या जोरावर आपण स्पर्धेत टिकून राहणार. कधी त्या तंत्रज्ञानाचं नाव क्लाउड होतं, कधी ऑटोमेशन, आता एआय. वाक्य तेच राहिलं.

माझं पोट तंत्रज्ञानावरच चालतं, त्यामुळे त्याच्याशी माझं भांडण नाही. मला खटकतं ते वेगळंच. तंत्रज्ञान विकत मिळतं. जे आपल्याला मिळतं ते शेजारच्या कंपनीलाही मिळतं, थोडं मागेपुढे. मग पन्नास-पन्नास वर्षं एखादी कंपनी टिकते ती नेमकी कशाच्या जोरावर? हा प्रश्न घेऊन मी वाचत गेलो आणि एका ठिकाणी तांत्रिक प्रश्न संपून नैतिक प्रश्न सुरू झाला. ज्याला चूक दिसते त्याला काम थांबवायचा हक्क असतो का? आणि थांबवण्याची किंमत कोण मोजतं?

*

वाचताना मी पुन्हा मागापाशीच येऊन पोचलो. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीचा जन्म मागाच्या कारखान्यात झाला आहे.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. वडील सुतार, आई घरी हातमागावर विणायची. १८९१ मध्ये त्यांनी लाकडी हातमागाचं आपलं पहिलं पेटंट घेतलं. पुढे तीस-बत्तीस वर्षं ते मागच सुधारत राहिले आणि १९२४ मध्ये त्यांचा 'टाइप जी' नावाचा स्वयंचलित माग तयार झाला. धोट्यातलं सूत संपत आलं की या मागात चालू विणकामातच धोटा आपोआप बदलला जाई. आणि उभी तार तुटली की माग स्वतःहून थांबे. तार कधी तुटते याकडे डोळे लावून प्रत्येक मागापाशी उभं राहायची गरज उरली नाही. एकच कामगार तीस-तीस माग सांभाळू शकला.

१९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. जगभर कापडाची यंत्रं विकणारी ही कंपनी. मुंबईच्या गिरण्यांतही तिची यंत्रं होती. ती आता एका जपानी सुताराच्या मुलाकडून शिकत होती. पुढे १९३३ मध्ये टोयोडांच्या माग कारखान्यातच मोटारींचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

गोष्ट इथेच सोडली तर ती त्या स्लाइडवर नीट बसते. चांगलं तंत्रज्ञान आलं, कंपनी पुढे गेली. पण टोयोटाने मागाकडून घेतलं काय, ते पाहायला हवं. तायची ओनो हा माणूस आधी टोयोडांच्या सूत-कापडाच्या कारखान्यात होता आणि १९४३ मध्ये मोटारींकडे आला. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचा शिल्पकार म्हणून त्याचं नाव घेतात. मोटारीच्या कारखान्यात तार नसते, बोल्ट असतो. तो आडवा बसला तर यंत्राला कळेलच असं नाही. कळतं ते तिथे उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून मागात जे काम तार तुटल्यावर यंत्र करायचं, ते इथे माणसाच्या हाती दिलं गेलं. लाइनच्या बाजूने दोरी बांधली. कुणालाही काही चुकीचं दिसलं की त्याने दोरी ओढायची. वर दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या अंतरात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. या दिव्याला 'अंदोन' म्हणतात. मुळात हा जपानी कागदी कंदिलासाठीचा शब्द.

या सगळ्या विचाराला टोयोटात 'जिदोका' म्हणतात. साध्या जपानीत ऑटोमेशनसाठी जो शब्द आहे, त्याचा उच्चार आणि याचा उच्चार एकच आहे. फरक लिहिण्यात आहे. टोयोटाने त्यातल्या 'हालचाल' दाखवणाऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला माणसाचं चिन्ह जोडलं. आपल्याकडे एखाद्या अक्षरावर काना-मात्रा चढवावी आणि अर्थ बदलावा, तसं काहीसं.

*

दोरी बांधणं सोपं आहे. लाइन मिनिटभर थांबली तरी पैसे जातात. त्यामुळे ती ओढू देणं अवघड.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथल्या कामगारांची ख्याती फार वाईट होती. रोज पाचातला एक कामगार कामावरच यायचा नाही. दारू चालायची. दाराच्या पत्र्याआड रिकाम्या बाटल्या टाकून ठेवायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीत आयुष्यभर खुळखुळ, असले उद्योगही चालायचे. व्यवस्थापनाचा एक अलिखित नियम होता, काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. चुकीची जोडलेली गाडी तशीच पुढे जायची आणि शेवटी आवारात दुरुस्तीसाठी रांगेत उभी राहायची. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला.

१९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. नाव होतं न्यूमी. इमारत तीच, युनियन तीच, आणि घेतलेले बहुसंख्य कामगार जुन्या कारखान्यातलेच. त्यांच्यापैकी कित्येकांना शिकायला जपानला पाठवलं गेलं. परत आल्यावर त्यांच्या हाताशी दोरी आली. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तिथून निघालेल्या गाड्या दर्जात जपानमधल्या गाड्यांच्या जवळ पोचल्या. यंत्रसामग्री काही फार अद्भुत नव्हती. त्याच दशकात जनरल मोटर्स आपल्या इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर खर्च करत होती. तरी न्यूमीत जे जमलं ते तिला बाकीकडे नीटसं नेता आलं नाही. २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची कारणं बरीच होती, पेन्शनचा बोजा आणि २००८ ची मंदीही त्यात होती. तेव्हा दोरी नव्हती म्हणून कंपनी बुडाली, असं मी म्हणणार नाही. मात्र पंचवीस वर्षं उत्तर स्वतःच्या घरात असूनही ते उचलता येऊ नये, याचा मला फार विचार करावासा वाटतो.

माझा अंदाज असा आहे. दोरीचा फोटो काढता येतो, दिवे विकत आणता येतात. दोरी ओढणाऱ्याकडे पाहायची नजर विकत येत नाही. फ्रीमाँटच्या जुन्या साहेबाच्या डोक्यात कामगार म्हणजे लाइन थांबवायला टपलेला माणूस. अशा माणसाच्या हातात दोरी द्यायची म्हणजे वेडेपणाच. न्यूमीत याच कामगारांना सांगितलं गेलं की तुला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, म्हणून दोरी तुझ्याकडे. आणि कराराने आणखी एक गोष्ट दिली, ती माझ्या मते दोरीइतकीच महत्त्वाची होती. कंपनी अगदी संकटात आल्याशिवाय कुणाला कामावरून काढणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गाड्यांची मागणी घसरली तेव्हा लोकांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं गेलं.

न्यूमी २०१० मध्ये बंद झाली आणि तीच इमारत टेस्लाने घेतली. तिथे मॉडेल ३ गाडी जवळपास सगळी यंत्रांकडूनच बनवायची असा इलॉन मस्क यांचा बेत होता. यंत्रं अडखळली, गाड्या ठरल्या वेगाने निघेनात. अखेर कन्व्हेयर बेल्टचं एक गुंतागुंतीचं जाळंच काढून टाकावं लागलं. एप्रिल २०१८ मध्ये मस्क यांनी जाहीर कबूल केलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, चूक आपली होती, आणि माणसांची किंमत कमी लेखली जाते. एकाच छपराखाली हा धडा दोनदा शिकावा लागला.

*

हे सगळं मोटारींचं झालं, सॉफ्टवेअरचं काय, असं तुम्ही म्हणाल.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा कोड चालू केला. आठ सर्व्हर होते. एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. त्या सर्व्हरवर बरीच वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि कंपनीला नको असलेले शेअर धडाधड घेऊ-विकू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

नंतरच्या सरकारी चौकशीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. बाजार उघडायच्या आधी त्या प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते. प्रत्येकात त्या जुन्या कोडचा उल्लेख होता. पण ते मेल धोक्याची घंटा म्हणून पाहायचे असं ठरलेलंच नव्हतं. कोड सगळीकडे चढला का, हे दुसऱ्या माणसाने तपासावं असा लेखी नियमही नव्हता. तार तुटली होती, माग ओरडत होता, आणि ऐकणं हे कुणाचंच काम नव्हतं.

नाइट कॅपिटलकडे तंत्रज्ञान कमी नव्हतं. सेकंदाच्या छोट्या तुकड्यात व्यवहार करणारी प्रणाली होती. धावायची सोय उत्तम होती, थांबायची नव्हती.

*

इथवर वाचून टोयोटाची आरती चालली आहे असं वाटत असेल, तर तीन गोष्टी सांगतो.

पहिली. एक कामगार तीस माग सांभाळू लागला, मग उरलेल्या एकोणतिसांचं काय झालं? इचलकरंजीत वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न शिकवावा लागत नाही. ऑटोलूम आले की शेडमधली माणसं कमी होतात. तार तुटल्यावर स्वतः थांबणारं यंत्र माणसाला टक लावून बसण्यातून सोडवतं, हे खरं. ते त्याला कामावरूनही सोडवू शकतं. तंत्रज्ञान यातलं नेमकं काय करणार, हे मागात लिहिलेलं नसतं. ते मालक, युनियन आणि सरकार ठरवतात.

दुसरी. टोयोटातही नोकरीची हमी चांगुलपणातून उगवली नाही. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात आली, मोठा संप झाला, दीड हजारांहून जास्त कामगारांना जावं लागलं. साकिचींचे पुत्र आणि मोटार कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. उरलेल्यांना नोकरीचं जे अभय मिळालं ते या भांडणातून. आणि ते सगळ्यांना मिळालं नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून काही महिने काढले आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली लाइन माणसाला पिळून काढणारी आहे. म्हणजे कायम माणसाच्या आणि हंगामी माणसाच्या डोक्यावरून जाणारी दोरी एकच असली, तरी ओढताना दोघांचे हात सारखे थरथरत नसणार.

तिसरी मला सर्वांत जास्त छळते. दाइहात्सु ही लहान गाड्या बनवणारी कंपनी पूर्णपणे टोयोटाच्या मालकीची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला. सुरक्षा चाचण्यांत बनवाबनवी झाली होती, ६४ मॉडेलांत. काही प्रकार १९८९ पर्यंत मागे जात होते. टक्कर झाल्यावर एअरबॅग सेन्सरने उघडायला हवी, ती चाचणीत चक्क टायमर लावून उघडली गेली होती. कंपनीला सगळ्याच गाड्यांची पाठवणी थांबवावी लागली. समितीने बोट ठेवलं ते अतिशय आवळलेल्या वेळापत्रकांवर, आणि खालच्या माणसाला वर काही सांगता येत नाही अशा वातावरणावर. जिदोका ज्या घराण्यात जन्मली त्याच घराण्यात वर्षानुवर्षं कुणी दोरी ओढली नाही.

असं का होतं? मला वाटतं, अडचण आपण या गोष्टीचं जे कारण देतो त्या कारणातच आहे. आपण म्हणतो, थांबवायचा हक्क द्या, कारण त्याने दर्जा सुधारतो आणि कंपनी स्पर्धेत टिकते. हे खरंच आहे. पण हक्काचं कारण जर फायदा असेल, तर ज्या महिन्यात फायदा उलट बाजूला दिसेल त्या महिन्यात हक्कही जाईल. लाँचची तारीख उद्यावर आली आहे, स्पर्धकाची गाडी बाजारात उतरली आहे, अशा वेळी थांबणं हिशोबात कधीच बसत नाही. थांबण्याचा फायदा दहा वर्षांत पसरलेला असतो, तोटा आजच्या संध्याकाळी असतो. म्हणून जी कंपनी फक्त टिकण्यासाठी थांबते, ती नेमक्या गरजेच्या वेळी थांबत नाही. जी कंपनी 'चुकीची गाडी पुढे पाठवायची नाही, मग तोटा का होईना' असं मानते, तीच कदाचित टिकते. टिकणं हे फळ आहे, पण त्याच्यावर डोळा ठेवून झाड लावलं तर ते धरत नाही. वेंधळा वाटेल असा हा निष्कर्ष आहे, आणि कोणत्याही टाउनहॉलच्या स्लाइडवर तो बसत नाही.

*

आता माझी गोष्ट. तिच्यामुळेच हे सगळं वाचायला लागलो.

आधीच्या एका नोकरीत मी कर्जाचे हप्ते वसूल करणाऱ्या प्रणालीवर काम करायचो. हप्ता बाउन्स झाला की ५०० रुपये दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये खात्यातून जात. एका रिलीजच्या रात्री ऑन-कॉल मी होतो. पावणेदोनच्या सुमाराला डॅशबोर्डवर दिसलं की बाउन्स झालेल्या हप्त्यांपेक्षा दंडाच्या नोंदी जास्त आहेत. थोडं खणल्यावर कळलं. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की आमचा नवा कोड पुन्हा प्रयत्न करत होता, आणि दंड दोनदा लावत होता. तोवर दोनशेच्या आसपास खाती झाली होती.

रोलबॅकचं बटण माझ्या स्क्रीनवर होतं. परवानगी होती. कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

मी ते दाबलं नाही. रिलीज आधीच दोनदा पुढे ढकललेलं होतं. सकाळी क्लायंटला दाखवायचं होतं. अप्रेझल चालू होतं, टीममधले दोघं पीआयपीवर होते, आणि मी थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे जायला सर्वांत सोपा. मी एक तिकीट टाकलं, त्यावर प्राधान्य 'मध्यम' असं लिहिलं आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती गेली. पैसे परत करायचं पुढच्या महिन्यात झालं. रिलीज सुरळीत पार पडल्याबद्दल टीमचं कौतुक करणारा मेल आला, त्यात माझंही नाव होतं.

दुरुस्ती करताना तक्रारी वाचाव्या लागल्या. एका माणसाचं टेम्पोचं कर्ज होतं. दंड दोनदा गेल्यामुळे त्याच्या खात्यात विम्याच्या हप्त्यापुरते पैसे उरले नव्हते, म्हणून तोही बाउन्स झाला, आणि त्याचा दंड वेगळा. त्याने लिहिलं होतं, "साहेब, हप्ता एकदा चुकला. दंड दोनदा का?"

त्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं. खरं उत्तर असं होतं की एका माणसाने रात्री पावणेदोन वाजता हिशोब केला. थांबवलं तर किंमत मला मोजावी लागणार होती, लगेच, आणि सगळ्यांदेखत. नाही थांबवलं तर ती दोनशे अनोळखी लोकांत थोडी थोडी वाटली जाणार होती आणि माझं नाव कुठेच येणार नव्हतं.

मी कंत्राटी होतो, भीती खरी होती, कंपनीने बटण दिलं होतं पण अभय दिलं नव्हतं, हे सगळं मान्य. दोष कंपनीचाही होता. तरी भीतीच्या आडून मी थोडी सूटही घेतली. मी त्या रात्री लीडला फोन तरी करू शकलो असतो. प्राधान्याच्या रकान्यात 'मध्यम' ऐवजी 'तातडीचं' लिहायला तर काहीच धाडस लागत नव्हतं. कंपनीने हक्क दिला नाही, एवढ्याने माझं कर्तव्य शून्य होत नाही. ते कमी होतं, किती कमी, याचा हिशोब मला अजून नीट मांडता आलेला नाही.

आणि हा हिशोब पुढे आणखी अवघड होणार आहे. आता माझा बराच कोड एआय लिहितं. मी एका वेळी चार-पाच कामं त्याच्याकडे लावून देतो आणि येईल ते तपासतो. एका माणसाकडे तीस माग, ही स्थिती आमच्या धंद्यात येऊ घातली आहे. फरक एवढाच की टोयोडांचा माग तार तुटली की थांबायचा. हा थांबत नाही. तो तुटलेल्या तारेवरून सफाईने विणत जातो, आणि रेघ अशी लपवतो की कापड पहिल्यापेक्षा सुबक दिसतं. तेव्हा थांबवणारा माणूस अधिकच लागेल. तो किती थकलेला असेल, त्याच्यावर किती माग लादले असतील, आणि थांबवल्यावर त्याचं काय होईल, यावर बरंच काही ठरेल.

मागच्या दिवाळीत वडिलांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं की तुमच्याकडे तरी माग थांबवणं कुठे सोपं होतं? मागवाल्याची मजुरी मीटरवर. माग थांबला की त्याचीच कमाई थांबायची, वर मालक ओरडणार.

"ओरडायचा की," वडील म्हणाले.

"मग कशाला थांबवायचे?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "रेघ दिसायची ना रं. दिसल्यावर कसं चालू ठेवायचं?"

मला त्या रात्री रेघ दिसली होती. आकड्यांत दिसली होती, दोनशे ओळींच्या तक्त्यात. माणसं दिसली नव्हती, ती तीन दिवसांनी दिसली. आता मी जे डॅशबोर्ड बनवतो त्यात चुकीच्या नोंदींची संख्या लिहून थांबत नाही, किती लोकांच्या खात्यातून किती रुपये गेले तेही लिहितो. छोटीशी गोष्ट आहे, तिने जग बदलत नाही. पावणेदोन वाजता तिथे बसलेल्या पुढच्या माणसाला रेघ जरा लवकर दिसेल, इतकंच.

आणि नोकरीच्या मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं म्हणतात, तेव्हा मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्याकडे शेवटचं रिलीज मध्येच कोणी थांबवलं होतं, आणि ते माणूस आता कुठे आहे? दोन ठिकाणी समोरच्यांना आठवलंच नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणारी बाई हसली, म्हणाली, "मीच. म्हणून तर इथे बसलेय."

मी तिथे काम करतो.